कूलंट टेम्परेचर सेन्सर घरीच बदला, पण आधी तोच खराब आहे याची खात्री करा

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, पेट्रोल अचानक जास्त जायला लागलंय, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय आणि रेडिएटरचा फॅन मात्र इंजिन गार असतानाच फुल स्पीडने फिरायलाय, असं यातलं दोन-तीन गोष्टींचं मिळून काही होत असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सरवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं (कूलंटचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्यायला हरकत नाही. हा सेन्सर बदलणं हे घरी करता येण्यासारख्या कामांपैकी एक आहे, ज्यानं आजवर फक्त एअर फिल्टर आणि वायपर बदललेत त्यालाही जमतं, साध्या पेट्रोल गाडीचा सेन्सर काही शे रुपयांत येतो आणि काम एका सकाळचं आहे. पण माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, पाना हातात घ्यायच्या आधी मल्टीमीटर हातात घ्या. कारण सेन्सर बदलूनही दिवा परत लागला असं जे आपण ऐकतो त्यात बऱ्याचदा सेन्सर चांगलाच असतो, वायर तुटलेली असते नाहीतर थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह) कुणीतरी काढून टाकलेला असतो, आणि बिचाऱ्या गाडीवाल्याचे पैसे जातात.

आधी हा सेन्सर करतो काय ते समजून घ्या, त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. इंजिन गार असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, थोडं जास्त पेट्रोल सोडतो, इंजिन तापलं की कमी करतो. तापलंय का नाही हे त्याला कोण सांगणार, तर हा सेन्सर. आत एक छोटा थर्मिस्टर असतो, त्याचा गुण असा की गार असताना रेझिस्टन्स जास्त आणि जसा तापेल तसा कमी कमी होत जातो. ईसीयू त्याला ५ व्होल्ट देतो आणि परत किती व्होल्ट दिसतात त्यावरून तापमान ओळखतो. आता वायर तुटली किंवा कप्लर, म्हणजे सेन्सरवर बसणारा वायरचा प्लग, निघाला तर रेझिस्टन्स जवळजवळ अनंत, मग ईसीयूला वाटतं कूलंट उणे ४० अंशाला आहे. सोलापुरात मे महिन्यात, पारा ४२-४३ ला टेकलेला, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय आपण बर्फात उभे आहोत! काही गाड्यांत मग तो भरमसाट पेट्रोल सोडतो, प्लग काळे होतात, धूर येतो, आणि असंच चालवत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा पार्ट) खराब करतं, तो पार्ट फार महाग आहे. बऱ्याच गाड्यांत ईसीयू शहाणपण करतो, सेन्सर गेलाय हे ओळखून स्वतःच एक ठरावीक तापमान धरतो आणि इंजिन वाचावं म्हणून फॅन कायम चालू ठेवतो, म्हणूनच तो गार गाडीत फॅन भणाणत असतो.

सगळ्यात वाईट प्रकार तिसरा. सेन्सर पूर्ण मेलेला नसतो, खोटं बोलत असतो. इंजिन ९५ ला गेलंय आणि सेन्सर सांगतोय ६५, कोड (ईसीयूनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर) नाही, दिवा नाही, आणि फॅन लागत नाही कारण ईसीयूच्या मते अजून वेळ आहे. आपल्याकडच्या उन्हात एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) जायला एवढं पुरेसं आहे. त्यामुळे दिवा लागला नाही म्हणजे सेन्सर ठीक, असं धरून बसू नका.

सेन्सरच खराब आहे का, हे कसं बघायचं

पहिली गोष्ट, ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर, म्हणजे ईसीयूमधले कोड आणि आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र, घ्या. काही शे रुपयांत मिळतो, मोबाईलमध्ये फुकटचं ॲप टाकलं की झालं. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली १६ पिनचं सॉकेट असतं तिथं लावायचा. २०१३ नंतरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत सहसा चालतोच. कोड वाचा. पी०११७ असेल तर सिग्नल फार कमी, म्हणजे सेन्सर किंवा वायर शॉर्ट. पी०११८ असेल तर सिग्नल फार जास्त, म्हणजे कुठंतरी सर्किट तुटलंय. पी०११६ म्हणजे रीडिंग पटण्यासारखं नाही, पी०११९ म्हणजे मधूनच येतं मधूनच जातं, यात बहुतेक लूज कॉन्टॅक्ट निघतो. आणि पी०१२८ दिसला तर थांबा, तो थर्मोस्टॅटकडे बोट दाखवणारा कोड आहे, त्यावर खाली लिहिलंय. कोड कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो, कुठला पार्ट बदला हे सांगत नाही, हे लक्षात ठेवा. लिहून ठेवा कोड, लगेच पुसू नका.

दुसरी टेस्ट सकाळची, आणि ही मला सगळ्यात आवडते कारण हिला काहीच खोलावं लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सहा-साडेसहाला, ऊन चढायच्या आधी, इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा आणि ॲपमध्ये लाइव्ह डेटा बघा. कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान असे दोन आकडे दिसतील. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत आणि बाहेरच्या हवेच्या आसपास पाहिजेत. हवा २८ आणि कूलंट २९, उत्तम. हवा २८ आणि कूलंट ५५, सेन्सर खोटं बोलतोय. कूलंट उणे ४०, सर्किट तुटलंय. कूलंट १३०-१४० च्या वर, शॉर्ट आहे. उन्हात लावलेल्या गाडीवर दुपारी ही टेस्ट करून काही उपयोग नाही, बोनेटखाली सगळंच तापलेलं असतं.

मग इंजिन चालू करा आणि आकडा चढताना बघा. सावकाश, एकसारखा चढला पाहिजे. ४०, ४१, ४३, ४४ असं. मध्येच ४४ वरून उणे ४० आणि परत ४५ असं उडी मारत असेल तर इंजिन बंद करा, चावी ऑन ठेवा आणि सेन्सरकडे जाणारी वायर हळूच हलवून बघा. हलवल्यावर आकडा उडतोय म्हणजे वायर किंवा कप्लर, सेन्सर नाही. फॅनच्या पात्यांपासून हात लांब, चावी ऑन असली की तो कधीही सुरू होऊ शकतो.

कप्लर काढून आत बघा. पिनांवर हिरवट-पांढरा थर बसला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मारा, वाळू द्या, परत लावा, बऱ्याचदा प्रॉब्लेम इथंच संपू शकतो. उंदरानं वायर कुरतडलीय का तेही बघा, गोडाऊनशेजारी किंवा मोकळ्या प्लॉटवर गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता दोन पिनचा सेन्सर असेल तर अजून एक साधी टेस्ट आहे. कप्लर काढलेला असताना चावी ऑन केली की ॲपमध्ये उणे ४० दिसलं पाहिजे (ईसीयू स्वतःच ठरावीक तापमान धरतो अशा गाड्यांत तोच आकडा दिसू शकतो, तिथं या टेस्टवर विसंबू नका). मग कप्लरच्या दोन पिनांमध्ये बारीक वायरचा तुकडा हलकेच लावून दोन्ही जोडा, आकडा एकदम वरच्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठणठणीत, दोष सेन्सरचा. वायर जोडूनही आकडा हलला नाही तर सेन्सर बदलून काही होणार नाही, वायरिंगवाल्या इलेक्ट्रिशियनकडे जा. ही टेस्ट फक्त कूलंट सेन्सरच्या दोन पिनच्या कप्लरवरच करायची, तीन किंवा चार पिनचा असेल तर करू नका, आणि पिवळ्या रंगाच्या कप्लरला तर कुठंच हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाईन असते.

शेवटी मल्टीमीटर. २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा (किलोओहम म्हणजे हजार ओहम, २.५ दिसलं तर अडीच हजार), कप्लर काढा, सेन्सरच्या दोन पिनांना मीटरचे दोन टोक लावा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या सेन्सरचे आकडे साधारण असे येतात, २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास, ३० ला सोळाशे-अठराशे, ४० ला अकराशे-बाराशे, ८० ला तीनशे-सव्वातीनशे आणि १०० ला दोनशेच्या खाली. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, तो मिळाला तर तोच धरा. पण नेमका आकडा नसला तरी गार इंजिनवर हजार-दोन हजारात आणि गरम इंजिनवर तीनशेच्या आसपास असा उतार दिसला पाहिजे. मीटर काहीच मोजत नसेल, म्हणजे स्क्रीनवर डावीकडे नुसता १ किंवा OL दिसत राहिला, तर सेन्सर आतून तुटलाय. जवळजवळ शून्य दाखवत असेल तर शॉर्ट.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या

यावर थोडं थांबून बोलायला पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सल्ला मिळतो की इथं एवढं ऊन, थर्मोस्टॅट हवाच कशाला, काढून टाका, गाडी गार राहील. हे चूक आहे. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशाच्या आसपास उघडतो, तोवर पाणी इंजिनमध्येच फिरतं म्हणून इंजिन पटकन तापतं. तो काढला की इंजिन कायम अर्धवट गार, पुण्याच्या हायवेला सरळ ८०-९० च्या स्पीडने गेलं तर आकडा ६५-७० वरच राहतो. मग ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, पी०१२८ येतो आणि दोष मात्र सेन्सरला. हायवेवर आकडा खाली पडतोय आणि सिग्नलला उभं राहिलं की वर येतोय, असं दिसलं तर सेन्सर खरं बोलतोय, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच आहे. सेन्सरचे पैसे वाचवा आणि थर्मोस्टॅट बसवून घ्या. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर कारण दुसरीकडं शोधा, रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ, फॅन, पंप, कॅप.

आणि पाणी

सेन्सर खराब का होतो याचं आपल्याकडचं एक मोठं कारण म्हणजे रेडिएटरमध्ये घातलेलं बोअरचं पाणी. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरात बोअर आणि टाकी, आणि बोअरचं पाणी किती जड आहे ते बाथरूमच्या बादलीवर बसलेला पांढरा थर बघितला की कळतं. तोच थर सेन्सरच्या टोकावर बसतो. थर बसला की सेन्सरला तापमान उशिरा कळतं आणि कमी कळतं. नुसतं पाणी असलं की गंजही धरतो. म्हणून सेन्सर बदलताना कूलंटकडेही बघा. रिझर्व्ह बाटलीतलं पाणी तांबूस, गढूळ दिसत असेल तर नुसता सेन्सर बदलून भागणार नाही, पूर्ण सिस्टीम फ्लश करून नवं कूलंट भरा. रेडीमिक्स कूलंट घेतलं तर त्यात काही मिसळायचं नसतं, तसंच ओतायचं. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर डबी आणि गाडीचं पुस्तक बघून, बहुतेक निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये. बॅटरीसाठी मिळतं तेच डिस्टिल्ड वॉटर चालतं. आर.ओ.चं किंवा फिल्टरचं पिण्याचं पाणी डिस्टिल्ड नसतं. हिरवं आणि लाल कूलंट एकमेकांत मिसळू नका, रंगावरून आतलं केमिकल कळतं असंही नाही, म्हणून पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या.

सामान

नवीन सेन्सर घ्यायला जाताना आरसी कार्ड सोबत घ्या, त्यावर चासी नंबर असतो, चांगला दुकानदार त्यावरून बरोबर पार्ट नंबर काढतो. एकाच मॉडेलमध्ये बीएस४ आणि बीएस६ ला वेगळे सेन्सर असू शकतात, १ एप्रिल २०२० च्या अलीकडच्या-पलीकडच्या गाड्यांत तर हे नीट बघाच. जुन्या सेन्सरचा आणि त्याच्या कप्लरचा मोबाईलवर फोटो काढून न्या. दिसायला सारखा असलेला दुसऱ्या गाडीचा सेन्सर बसतो, पण त्याचा रेझिस्टन्सचा हिशोब वेगळा असला की रीडिंग चुकतं आणि मग डोकं खाजवत बसावं लागतं. सोबत नवीन ओ-रिंग किंवा तांब्याचा वायसर येतोय का बघा, नसेल तर वेगळा मागा.

बाकी १० चा पाना बॅटरीसाठी, सेन्सरसाठी डीप सॉकेट, बऱ्याच गाड्यांत १९ चा लागतो पण आधी मोजून घ्या, एक्स्टेन्शन आणि रॅचेट, बारीक स्क्रू ड्रायव्हर, पसरट ट्रे, जुने फडके, हातमोजे, टॉर्च आणि लिटरभर कूलंट. काही गाड्यांत सेन्सरला आटे नसतातच, यू आकाराची क्लिप ओढली की नुसता बाहेर येतो, त्यांना सॉकेट लागणार नाही.

नवा सेन्सर बसवायच्या आधी तपासून घ्या. डुप्लिकेट माल मिळतो आणि कधीकधी चांगल्या कंपनीचाही एखादा खराब निघतो. जुन्या, स्वयंपाकाला परत न वापरायच्या पातेल्यात पाणी उकळा, सेन्सरचं फक्त धातूचं टोक पाण्यात बुडवा, पिना कोरड्या ठेवा आणि मीटर लावून बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८-९९ अंशालाच उकळतं, तेव्हा दोनशे ओहमच्या आसपास आकडा पाहिजे. पाणी निवत जाईल तसा आकडा वाढत गेला पाहिजे. जुना सेन्सर काढल्यावर त्यालाही असंच पातेल्यात टाकून दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहा, मग शंकाच राहत नाही.

आता काम

गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. नसेल तर सकाळीच करा, रात्रभर गार झालेल्या इंजिनवर. उन्हाळ्यात दुपारी गाडी लावली की संध्याकाळपर्यंत इंजिन कोमटच असतं. गरम इंजिनची रेडिएटर कॅप कधीच, कुठल्याही घाईत उघडायची नाही, आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही आणि कॅप उघडली की एकदम उकळून अंगावर येतं, तोंड-हात भाजतात. वरच्या होज पाईपला हात लावून बघा, पूर्ण गार आणि दाबला तर मऊ लागला पाहिजे.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० च्या पान्यानं सोडवा आणि बाजूला करून ठेवा. घड्याळ आणि काही गाड्यांत खिडकीचं ऑटो सेटिंग जाईल, ते नंतर परत करता येतं.

आता सेन्सर शोधा. रेडिएटरचा वरचा जाड होज इंजिनला जिथं येऊन मिळतो, तिथल्या थर्मोस्टॅट हाऊसिंगवर किंवा त्याच्याजवळ सिलिंडर हेडवर तो बहुतेक असतो. पितळी किंवा प्लास्टिकचं डोकं, दोन पिनचा कप्लर. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्याखाली लपलेला असतो, डबा काढावा लागतो. रेडिएटरच्या खालच्या बाजूला असतो तो काही गाड्यांत फॅन स्विच असतो आणि एसीच्या पाईपवर असतो तो गॅसचा प्रेशर सेन्सर, त्या एसीच्या सेन्सरला चुकूनही पाना लावू नका. जिथं लावायचा तिथला फोटो काढा.

रेडिएटरची कॅप एकदा उघडा म्हणजे दाब उरला असेल तर जाईल, आणि परत घट्ट बंद करा. बंद करायची ही गोष्ट बरेच जण विसरतात. कॅप बंद असली की आत हवा शिरत नाही आणि सेन्सर काढल्यावर कूलंट थोडंच बाहेर येतं. पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉचं वरचं टोक बोटानं दाबून ती उचलल्यासारखं आहे ते. ज्या गाड्यांत रेडिएटरला कॅपच नसते, प्रेशरवाली टाकी असते, तिथंही तसंच. तरी खाली ट्रे ठेवाच.

कप्लरच्या लॉकची पट्टी दाबून कप्लर ओढा, वायर धरून ओढू नका. उन्हानं आणि इंजिनच्या तापानं जुन्या गाड्यांत हे प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं, जोर लावला की लॉक तुटतं आणि मग कप्लर लूज राहून तोच पी०११९ येत राहतो. बारीक स्क्रू ड्रायव्हरनं लॉक हलकं उचला, सावकाश.

सेन्सरच्या भोवतीची धूळ फडक्यानं पुसा, नाहीतर ती सगळी आत जाणार. मग डीप सॉकेट बसवून डावीकडे फिरवा. जाम असेल तर आट्यांवर पेनिट्रेटिंग स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. घाईनं लांब दांडा लावून ताकद लावू नका, हाऊसिंग ॲल्युमिनियमचं असतं, सेन्सर पितळेचा, आटे मेले की हाऊसिंग बदलायला लागतं आणि काही शेचं काम काही हजारांत जातं. थोडा सैल, थोडा घट्ट, परत सैल असं पुढंमागं करत काढा.

नवा सेन्सर दुसऱ्या हातात तयार ठेवा. जुना बाहेर आला की भोक अंगठ्यानं दाबा, जुना वायसर किंवा ओ-रिंग आत चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चनं बघा, आणि नवा लगेच हातानं बसवा. हातानं निदान तीन-चार आटे सरळ बसले पाहिजेत. वाकडा जातोय असं वाटलं तर परत काढा, सुरुवातीपासून लावा. टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह होतो, नका गुंडाळू, वायसर किंवा ओ-रिंगच पाणी अडवतात, टेपचे तुकडे कूलंटमध्ये फिरत बसतात, आणि एक पिनवाल्या जुन्या सेन्सरला तर अर्थिंगच बॉडीतून मिळतं, टेप लावला की अर्थिंग तुटतं. ओ-रिंगला थोडं कूलंट लावा, कोरडी बसवली तर कातरते. शेवटी पान्यानं बेताचं घट्ट. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल आणि टॉर्क पाना असेल तर तसं करा, नसेल तर वायसर टेकल्यावर थोडंसंच दाबायचं, चाकाच्या नटासारखं आवळायचं नाही.

कप्लर टक असा आवाज येईपर्यंत दाबा. बॅटरी टर्मिनल लावा. सांडलेलं कूलंट लगेच पाण्यानं धुवून पुसून टाका आणि ट्रेमधलं बाटलीत भरून झाकण लावा, कारण त्यातलं इथिलिन ग्लायकोल विषारी आहे आणि चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. लहान पोरं घरात असतील तर ट्रे दोन मिनिटंसुद्धा उघडा ठेवू नका.

हवा काढणं

इथं पुष्कळ जण गडबडतात. काम झालं म्हणून बोनेट लावतात आणि दोन किलोमीटरवर काटा वर. कूलंटमध्ये हवेचा फुगा राहिला आणि तो नेमका सेन्सरच्या टोकाला अडकला तर नवा कोरा सेन्सरसुद्धा चुकीचं सांगणार, कारण तो पाण्यात नाहीच, हवेत आहे.

गार इंजिनवर कॅप उघडून कूलंट गळ्यापर्यंत भरा. पुढची बाजू थोडी चढावर येईल अशी गाडी लावता आली तर हवा लवकर निघते. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, असेल तर तो वापरा. इंजिन चालू करा, एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर एकवर. हो, सोलापुरात उन्हाळ्यात हीटर लावायला जीवावर येतं, पण हीटरच्या पाईपमधली हवा निघायचा तोच रस्ता आहे, खिडक्या उघड्या ठेवा आणि तुम्ही बाहेर उभे राहा. सुरुवातीला बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तशी वरून भरत जा. आकडा ६० च्या पुढं जायला लागला की कॅप लावून टाका, त्यानंतर उघडायची नाही. प्रेशरवाली टाकी असलेल्या गाड्यांत पुस्तकात दिलेली पद्धत पाळा.

मग ॲप उघडून आकडा बघत राहा. एकसारखा चढत ८५-९० च्या आसपास स्थिरावेल, उभ्या गाडीत हळूहळू पुढं जाईल आणि बहुतेक गाड्यांत ९५-१०० च्या दरम्यान फॅन लागेल, आकडा चार-सहा अंश उतरला की फॅन बंद होईल. फॅन असा दोन वेळा लागून बंद झालेला डोळ्यांनी बघा, तोवर गाडी सोडून जाऊ नका. आकडा १०५ च्या पुढं गेला आणि फॅन लागत नसेल तर इंजिन बंद करा, गार होऊ द्या, फॅनचा फ्यूज आणि रिले बघा. सेन्सरच्या बुडाशी टॉर्च मारून थेंब दिसतोय का तेही याच वेळी बघा, दाब चढल्यावरच गळती कळते.

आता कोड पुसा आणि एक चक्कर मारा. थोडी मोकळ्या रस्त्याची, सोलापुरात असाल तर होटगी रोडनं बाहेर जाऊन परत, थोडी सात रस्त्याच्या ट्रॅफिकमधली, म्हणजे दोन्ही प्रकारचं चालवणं होईल. बॅटरी काढल्यामुळे सुरुवातीला आयडलिंग थोडं वर-खाली होईल, ते काही किलोमीटरमध्ये बसतं.

बाईकवाल्यांसाठी

बीएस६ नंतरच्या जवळजवळ सगळ्या बाईक आणि स्कूटर फ्यूएल इंजेक्शनच्या आहेत, त्यामुळे त्यांनाही तापमानाचा सेन्सर आहेच. लिक्विड कूल्ड बाईकला वरचं सगळं लागू, फक्त जागा कमी आणि आटे अजून नाजूक. एअर कूल्ड असेल तर सेन्सर सिलिंडर हेडवर किंवा ऑइलच्या वाटेवर असतो, कूलंटची भानगडच नाही, पण ऑइलमध्ये बसणारा असेल तर काढताना ऑइल येतं, पातळी परत बघा. सकाळची टेस्ट आणि मीटरची टेस्ट तीच, आकडे मात्र वेगळे असू शकतात. बाईकचं डायग्नोस्टिक सॉकेट कारसारखं नसतं, वेगळी केबल लागते.

डिझेलवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघा. ग्लो प्लग (डिझेल इंजिन गार असताना सिलिंडर तापवणारे छोटे हीटर) किती वेळ तापवायचे हे ईसीयू याच सेन्सरवरून ठरवतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देत असेल आणि ग्लो प्लग चांगले असतील तर सेन्सरचं रीडिंग तपासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनवर, रिझर्व्ह बाटलीची पातळी बघा. मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये पाहिजे, थोडी उतरली असेल तर उरलेली हवा निघालीय, तेवढं भरा. त्याच वेळी चावी ऑन करून हवा आणि कूलंट दोन्ही आकडे परत जुळतात का बघून घ्या. आठवडाभर रोज सकाळी पातळीवर नजर ठेवा, रोज उतरतच असेल तर गळती आहे, आधी वायसर, मग होजची क्लिप, मग पंप असं शोधत जा. आणि सगळं बरोबर करूनही तोच कोड परत आला, तर दुसरा सेन्सर विकत घेऊ नका, लिहून ठेवलेले मीटरचे आकडे आणि कोड घेऊन वायरिंगचं काम करणाऱ्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, हे आकडे हातात असले की त्याचा शोधण्यातला निम्मा वेळ वाचतो.